ख्रिस्ती लोक येशूला 'जगाचा प्रकाश' का म्हणतात?

कारण हे शब्द त्याचे स्वतःचे आहेत: 'मी जगाचा प्रकाश आहे' (बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान, 8:12). प्रसंग मंडपांच्या सणाच्या, म्हणजे ज्यू लोकांच्या एका सणाच्या वेळचा. त्या सणात यरुशलेमच्या मंदिराच्या अंगणात रात्री मोठमोठे दिवे पेटवत, त्यामुळे ऐकणाऱ्यांना ते थेट भिडलं असणार.

मला मात्र याचा अर्थ कळला तो ईस्टरच्या आदल्या रात्री. वांद्रे असो की गोराई, कॅथलिक चर्चमधले सगळे दिवे तेव्हा मालवतात. बाहेर नवा अग्नी पेटवून त्यावरून एक मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस आणि त्या वर्षाचे चार आकडे असतात. ती अंधारात आत येते. मग तिच्या ज्योतीवरून कुणाची तरी, त्याच्यावरून शेजारणीची, तिच्यावरून माझी, असं करत सगळं चर्च उजळतं.

आणि अंधार म्हणजे फक्त पाप नव्हे, दुःख आणि शंकाही. योहान 1:5 मध्ये प्रकाश अंधारातच चमकतो. अंधार संपला असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही. आई गेली त्या वर्षी हातात ती मेणबत्ती धरून उभा होतो, तेव्हा मला या ओळीचाच आधार होता.