मोबाइल लावल्याशिवाय मुलगी जेवत नाही. भूक वाढवण्याचे औषध द्यावे का?

तुम्ही लिहिले आहे की मुलगी एक वर्ष दहा महिन्यांची आहे, मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय तोंड उघडत नाही, एकेक जेवण तासभर चालते, पहिल्या वाढदिवसापर्यंत सगळे खात होती आणि आता चार घासांत मान फिरवते. जन्माच्या वेळी वजन २.८ किलो, वर्षाची असताना ८ किलो आणि आता ९.७ किलो आहे. सासूबाईंच्या मते तिचे बाळसे उतरले आहे आणि शेजारणीने सुचवलेले भूक वाढवण्याचे सिरप द्यावे की नाही, असा तुमचा प्रश्न आहे. अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून माझी नोकरी लहान मुलांची वजने आणि त्यांच्या आयांच्या काळज्या यांच्यातच गेली, त्या अनुभवावरून उत्तर देते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाविषयी शेवटचा शब्द तुमच्या बालरोगतज्ज्ञांचाच राहील. पण तुम्ही दिलेले आकडे पाहता या मुलीला सिरपची गरज आहे असे मला वाटत नाही.

आधी वजनाविषयी. पहिल्या बारा महिन्यांत तिचे वजन ५.२ किलोंनी वाढले आणि नंतरच्या दहा महिन्यांत १.७ किलोंनी. हे पाहून कोणत्याही आईच्या पोटात गोळा येईल, परंतु निरोगी मुलांची वाढ अशीच होते. पहिल्या वर्षात जन्मवजन साधारण तिप्पट होते. दुसऱ्या संपूर्ण वर्षात मात्र दोन ते अडीच किलोंचीच भर पडते. वाढीचा वेग एवढा उतरल्यावर भूकही उतरणारच. चालायला लागलेले मूल उंच होते, हातापायांवरच्या वळ्या जातात, चेहरा लांबट होतो आणि घरातली मोठी माणसे म्हणतात, पोरगी वाळली. तुमच्याकडे लसीकरणाचे जे माता व बाल संरक्षण कार्ड असेल, त्यात मुलींसाठीचा वाढीचा आलेख छापलेला असतो. त्यावर ही तिन्ही वजने वयानुसार टिंबांनी मांडा आणि जोडा. दोन वर्षांच्या मुलींचे मध्यम वजन साडेअकरा किलो आणि कमी वजनाची सीमारेषा नऊ किलो आहे, म्हणजे तुमची मुलगी मध्यमापेक्षा थोडी हलकी असली तरी हिरव्या पट्ट्यात आहे, आणि वर्षाची असताना ती ज्या रेषेच्या जवळ होती त्याच रेषेच्या जवळ आजही आहे. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. एकाच दिवसाच्या वजनावरून फारसे कळत नाही, रेषेची दिशा पाहावी लागते. हे तक्ते परदेशी मुलांचे आहेत, आपल्या मुलांना ते कशाला लावायचे, अशी शंका अनेकजण घेतात. तर जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले हे तक्ते सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवरून केलेले आहेत आणि त्यांत दिल्लीतील मुलेही होती.

आता तुमच्या पत्रातील जे वाक्य तुम्ही ओझरते लिहिले आहे, त्याच्यापाशी मी थांबते: सकाळी उठल्यावर, दुपारी झोपताना आणि रात्री झोपताना ती बाटलीभर दूध आनंदाने पिते, "निदान तेवढे तरी पोटात जाते". माझ्या मते तिच्या न जेवण्याचे मोठे कारण इथे आहे. अडीचशे मिलीलिटरच्या तीन बाटल्या म्हणजे सातशे मिलीलिटरांहून अधिक दूध. गाईचे दूध धरले तरी त्यातून साडेचारशे ते पाचशे कॅलरी मिळतात, म्हशीचे असेल तर सातशेच्या पुढे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे एक हजार कॅलरी लागतात. त्यात जेवली नाही म्हणून मध्ये दिलेली ग्लुकोज बिस्किटे आणि केळे मिळवा, आणि मग ताटासमोर बसताना तिच्या पोटात जागा किती उरते ते पाहा. ती मान फिरवते ती हट्टाने नव्हे. तिला खरोखर भूक नसते.

दुधाचा दुसरा तोटा लोहाचा. दुधात लोह अगदी नगण्य असते आणि त्यातील कॅल्शियममुळे इतर अन्नातले लोहही शरीरात कमी शोषले जाते. त्यामुळे दुधावर वाढणारी मुले दिसायला बरी असूनही आतून पांढरी पडतात, आणि रक्त कमी झाले की भूक आणखी मरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना तिचे हिमोग्लोबिन तपासायचे का, हे आवर्जून विचारा. दूध कमी केले तर हाडांचे काय, ही भीतीही मनात ठेवू नका: या वयाला दिवसाला पाचशे मिलिग्रॅम कॅल्शियम पुरते आणि चारशे मिलीलिटर गाईच्या दुधातून त्यातले बहुतेक मिळून जाते. उरलेले नाचणीच्या धिरड्यातून किंवा वाटीभर दह्यातून सहज भरून निघेल.

बाटल्या एकदम बंद करू नका. आधी दुपारची काढा, कारण दुपारचे जेवण तिच्यामुळेच बिघडत असणार. आठवडाभराने सकाळचे दूध न्याहारीनंतर आणि पेल्यातून द्या. रात्रीची बाटली शेवटी सुटेल आणि त्रासही तीच देईल. ती सोडवणे मात्र टाळू नका, कारण दूध तोंडात घेऊन झोपणाऱ्या मुलांचे पुढचे दात किडतात. रात्रीचे दूध पेल्यातून द्यावे, मग दात घासावेत आणि मग अंथरुणावर न्यावे, असा क्रम लावला की काही दिवसांत तो अंगवळणी पडतो.

दिवसाची घडी अशी ठेवा की तीन जेवणे आणि मधली दोन खाणी ठरलेल्या वेळी होतील आणि दोहोंमध्ये अडीच-तीन तास पाण्याशिवाय काहीही पोटात जाणार नाही. काय द्यायचे, कधी द्यायचे आणि कुठे बसवून द्यायचे, हे घरातल्या मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे, हे मात्र पूर्णपणे तिच्यावर सोडावे. वीस ते तीस मिनिटांनी, तिने दोन घास खाल्ले असोत वा वाटी संपवलेली असो, न रागावता आणि न विनवता ताट उचलावे. या साऱ्यात सर्वांत कठीण आहे ते यानंतर अर्ध्या तासाने ती रडू लागली म्हणजे तिच्या हातावर बिस्किट न ठेवणे, कारण न जेवल्यावर बिस्किट मिळते हे दीड वर्षाच्या मुलालाही नेमके कळते. पुढच्या खाण्याची वेळ थोडी अलीकडे घ्या आणि तेव्हा नेहमीचेच अन्न द्या.

मोबाइलची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. पडद्याकडे पाहणाऱ्या मुलाच्या तोंडात घास जातो, पण आपण काय खातो आहोत, पोट भरले की नाही, याकडे त्याचे लक्षच नसते. घास न चावता गिळला जातो किंवा गालात धरून ठेवला जातो. पोट भरल्याची खूण ओळखणे ही शिकायची गोष्ट आहे आणि ती याच वयात शिकली जाते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे की दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना, तोही मोठ्यांच्या सोबतीने, दिवसाला एक तासाहून अधिक दाखवू नये. बाटल्यांच्या उलट मोबाइल मी एकदम बंद करायला सांगते, कारण "आज थोडाच" असे दोन वर्षांच्या मुलाला समजावता येत नाही. दोघेही घरी असाल असा सुटीचा दिवस निवडा आणि तिला सर्वांत जास्त भूक असते त्या जेवणापासून सुरुवात करा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, तुमचाही. पहिले काही दिवस ती रडेल आणि खरोखरच कमी खाईल. हिरव्या पट्ट्यातल्या, लघवी नीट होणाऱ्या, खेळणाऱ्या मुलीला त्याने अपाय होत नाही. रडताना मात्र घास भरवू नका आणि आडवे धरून तर कधीच नाही, कारण त्या क्षणी अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते.

मग तिचे मन कशात रमवायचे? तिला तुमच्या पंगतीत बसवा. वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत, एकट्या मुलाला भरवण्याची पद्धत मला कधीच पटली नाही. तिची लहानशी ताटली मांडा आणि तुमच्या ताटातलेच, तिखट घालण्याआधी बाजूला काढलेले अन्न तिला वाढा: तूप आणि लिंबू घातलेला मऊ वरणभात, आमटीत कुस्करलेली पोळी, मऊ शिजवलेली मटकीची उसळ, मेतकूट-भात, खात असाल तर अंडे किंवा काटे काढलेला मासा. लिंबामुळे डाळीतले लोह अधिक चांगले शोषले जाते, म्हणून ते विसरू नका. वाढताना मोठ्या माणसाच्या वाढीच्या पाव हिस्सा वाढा. पाहिजे असेल तर ती पुन्हा मागेल. तिला स्वतःच्या हाताने खाऊ द्या, सांडू द्या, खाली जुने वर्तमानपत्र पसरा. नवा पदार्थ तिने थुंकला तर तो नावडता ठरवून मोकळे होऊ नका, कारण या वयातली मुले अनोळखी चवीला घाबरतात आणि एखादी भाजी आठ-दहा वेळा समोर आल्यावर मग तोंडात धरतात. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे आणि सीताफळाच्या बिया चार वर्षांपर्यंत तिच्या हाताला लागू देऊ नका. शेंगदाण्याचे कूट चालेल.

सासूबाईंविषयी तुम्ही थोड्या त्राग्याने लिहिले आहे, तो मी समजू शकते. पण त्यांच्या लहानपणी गोवर किंवा जुलाब लागला की आठवड्यात मूल खंगून जाई आणि अंगावरचे बाळसे हाच त्यातून तरण्याचा भरवसा असे. त्या भीतीतून त्या बोलतात. त्यांना वजन करायला सोबत न्या आणि आलेखावरची रेषा त्यांनाच पाहू द्या. चिऊ-काऊचे घास त्यांनी जरूर म्हणावेत, पण ताटाशी बसून; घरभर मागे फिरून नको. आजीचे गाणे आणि मोबाइलचे गाणे मी एकाच मापाने मोजत नाही, कारण आजी नातीच्या चेहऱ्याकडे पाहते आणि ती नको म्हणाली की थांबू शकते.

भूक वाढवणाऱ्या अनेक सिरपांमध्ये सायप्रोहेप्टाडिन नावाचे औषध असते. ते मुळात ॲलर्जीवरचे, गुंगी आणणारे औषध आहे, दोन वर्षांखालील मुलांसाठी त्याची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही आणि ते थांबवले की भूक पुन्हा पूर्वीसारखी होते. दुकानातून स्वतःहून आणून ते कृपया देऊ नका. द्यायचेच तर सरकारी कार्यक्रमातले लोहाचे सिरप आहे, जे या वयाला आठवड्यातून दोनदा एक मिलीलिटर दिले जाते. त्याची चौकशी आशाताईंकडे करा, आणि १० फेब्रुवारी किंवा १० ऑगस्टच्या सुमारास जंतनाशक दिनाला तिचा डोस चुकवू नका.

मात्र काही गोष्टी दिसल्या तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे: वजन घटले किंवा तीन महिने जागचे हलले नाही, आलेखावरची रेषा खालच्या पट्ट्याकडे वळली, जुलाब वा उलट्या रेंगाळल्या, ताप वारंवार येऊ लागला, जेवताना दरवेळी ठसका लागू लागला, तळहात पांढरे दिसू लागले, ती माती किंवा भिंतीचे पोपडे खाऊ लागली. अंगणवाडीत दंडघेर मोजण्याची पट्टी असते. तो साडेबारा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तरीही दाखवावे आणि साडेअकरापेक्षा कमी असेल तर त्याच दिवशी.

तोवर एवढे करा की पुढचे तीन दिवस ती जे जे खाते-पिते, बाटली आणि बिस्किटांसह, ते वेळेनिशी एका कागदावर लिहून काढा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. एका महिन्याने त्याच काट्यावर, शक्यतो त्याच वेळी आणि हलक्या कपड्यांत तिचे वजन करा. दोन्ही आकडे इथे कळवलेत तर मी ते नक्की पाहीन.