पाच जणांत एक डेस्कटॉप: कोटेशनइतकंच खात्यांकडे लक्ष द्या

तुम्ही दोघं, आजोबा, सहावीतली मुलगी आणि कॉलेजातला मुलगा अशा पाच जणांत मिळून एक डेस्कटॉप घ्यायचाय आणि दुकानातून आलेलं कोटेशन बरोबर आहे का, हा तुमचा प्रश्न. त्यात आय५-१२४००एफ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि एक छोटं ग्राफिक्स कार्ड आहे. प्रोसेसरची निवड जवळपास बरोबर आहे. बाकीचं बदलून घ्या.

आधी तो ‘एफ’ बघा. हे अक्षर लागलं की प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे पडद्यावर काही दिसायलाच वेगळं कार्ड लागतं. म्हणून ते कार्ड यादीत आलंय, तुमची गरज म्हणून नव्हे. साधा १२४०० घेतलात तर तेच सहा कोअर मिळतात आणि अभ्यास, व्हिडिओ कॉल, सिनेमे, हिशेब हे सगळं कार्डाशिवाय चालतं. मुलाला पुढे मोठे गेम खेळायचे झाले तर कार्ड तेव्हा टाकता येईल. त्यासाठी एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा) मात्र आजच चांगल्या कंपनीचा घ्या. कार्डाचे वाचलेले पैसे एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान साठवण) आणि रॅमवर घाला. विंडोज हार्ड डिस्कवर टाकू देऊच नका. ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान जातीची) एसएसडी घ्या आणि फोटो-व्हिडिओ फार असतील तर हार्ड डिस्क जोडीला राहू द्या.

रॅम १६ जीबी हवीच आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्या, कारण अंगचं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला वेग मिळतो. दुसरं कारण तुमच्या घराचं आहे. मुलगी अभ्यास अर्धवट सोडून उठते, तुम्ही ‘स्विच युजर’ करून, म्हणजे तिचं विंडोजचं खातं बंद न करता आपलं उघडून बसता, तेव्हा तिचा ब्राउझर त्यातल्या वीस टॅबसकट मागे चालूच असतो. अशी तीन खाती एकदम उघडी राहिली की ८ जीबीचा जीव जातो.

आता खरा मुद्दा. बहुतेक घरांत एकच खातं असतं, एकच पिन सगळ्यांना पाठ असतो आणि तेच खातं ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे यंत्रात काहीही बदलायची मुभा असलेलं असतं. असं अजिबात करू नका. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बघायला तो विंडोजचाच पिन मागतो. म्हणजे पिन ज्याला माहीत, त्याला तुमच्या बँकेचा साठवलेला पासवर्डही दिसतो. मुलांवर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. पण कॉलेजातल्या मुलालाही स्वतःचं कुलूपबंद कपाट हवं असतं, आणि ते त्याला मिळायला हवं.

म्हणून सहा खाती करा. एक ॲडमिनिस्ट्रेटर, जे रोज कुणीही वापरायचं नाही आणि ज्याचा पासवर्ड तुम्हा दोघांनाच माहीत असेल. बाकी पाच ‘स्टँडर्ड’, म्हणजे मर्यादित अधिकारांची. तुमची स्वतःचीसुद्धा. याचा फायदा रोज दिसतो: फुकटात गेम मिळतोय म्हणून कुणी भलतीच फाइल चालवली आणि तिला सगळ्या यंत्रात हात घालायचा असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागणारी चौकट येते आणि गाडी तिथेच अडते. ही भिंत पूर्ण नाही. काही प्रोग्रॅम त्या एका खात्यापुरते पासवर्डाशिवायही बसतात. पण बिघाड झालाच तर तो बहुधा त्या खात्यापुरता राहतो. लग्नाचे फोटो, सामाईक कागदपत्रं असं सगळ्यांना लागणारं सी ड्राइव्हवरच्या ‘युजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये ठेवा, ते प्रत्येक खात्यातून दिसतं.

मुलीसाठी मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी वापरता येईल. वेळेची मर्यादा त्यात नीट लागते, वेबसाइटची गाळणी मात्र एज ब्राउझरपुरतीच चालते. त्यापेक्षा राउटरमध्ये डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून १.१.१.३ घाला: क्लाउडफ्लेअरची ही मोफत सेवा घातक आणि प्रौढांसाठीच्या साइट त्या राउटरला जोडलेल्या सगळ्या उपकरणांवर अडवते. तरीही डेस्कटॉप बैठकीच्या खोलीत ठेवणं हा मला या दोन्हींपेक्षा भरवशाचा उपाय वाटतो.

आजोबांचं खातं उरलेल्या वेळात उरकू नका, त्यावर एक संध्याकाळ द्या. ॲक्सेसिबिलिटीत अक्षरांचा आकार २२५ टक्क्यांपर्यंत वाढतो. त्यांना शेजारी बसवून, त्यांच्या चष्म्यातून त्यांना जमेल तिथे थांबा. माउसचा बाण मोठा आणि ठळक रंगाचा करा, मराठी कीबोर्ड घाला, डेस्कटॉपवर त्यांना लागतात तेवढेच चार-पाच आयकॉन ठेवा. ही मांडणी त्यांच्या खात्यापुरतीच राहते, त्यामुळे इतरांचं काही अडत नाही आणि कुणी ती ‘नीट’ करून टाकायचीही भीती नसते. एका खात्यात सगळे कोंबले की म्हातारी माणसं मुकाट्याने कॉम्प्युटरपासून लांब होतात, हे मी पाहिलंय.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होते आणि ते कुलूप उघडणारी ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. पुढे मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या, यंत्र सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) काही हललं तर यंत्र ती की मागतं. ते खातं मुलाचं असेल आणि मुलगा परगावी असेल तर घर अडकून पडतं. म्हणून सुरुवातीचं ते ॲडमिनिस्ट्रेटर खातं तुमच्याच मायक्रोसॉफ्ट खात्याने उघडा, की कागदावर छापा आणि घराच्या इतर कागदपत्रांत ठेवा.

बॅकअपसाठी बाहेरची यूएसबी डिस्क घ्या. कंट्रोल पॅनेलमधलं ‘फाइल हिस्टरी’ प्रत्येक खात्यात जाऊन वेगळं चालू करावं लागतं. एका खात्यात केलं की सगळ्यांचं झालं असं धरू नका. वनड्राइव्हवरही (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यावर) विसंबू नका, फुकटची जागा ५ जीबीच असते. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा, कारण रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) शिरलं तर जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडते. आणि अधूनमधून एखादी फाइल डिस्कवरून परत आणून उघडते का ते बघत जा.