शिगाराकीची माती, कोरियातलं माहेर
वाचकांचे प्रश्न : आशियातल्या रेसिडेन्सी (कलाकार-लेखकांनी काही काळ राहून काम करायच्या जागा)

प्रश्न : मी कोल्हापुरात मातीकाम करतो. जपानमधल्या शिगाराकीत सहा आठवड्यांची रेसिडेन्सी करायची आहे. वेळ पुरेल का? इथली लाल माती सोबत नेता येईल का?

उत्तर : माती नेऊ नका. पिकांवर रोग-किडी येऊ नयेत म्हणून जपानमध्ये परदेशी माती आणायला बंदी आहे. शिवाय आपली लाल माती साधारण ९०० ते १००० अंशांवर भाजली जाते. तिथल्या स्टोनवेअरच्या, म्हणजे दगडासारख्या टणक भाजलेल्या मातीच्या भांड्यांच्या, भट्ट्या १२०० अंशांच्या पुढे जातात. त्या आचेत लोहाने भरलेली माती फुगते, नाहीतर वितळून भट्टीतल्या फळीला चिकटते. तिथलीच माती हातात घ्या, जायचं ते त्यासाठीच. ती भरड असते आणि तिच्यातले फेल्स्पार या खनिजाचे खडे भाजताना पांढऱ्या ठिपक्यांसारखे वर येतात. तो खरखरीतपणा घोटून घालवायच्या नादी लागू नका.

वेळेचा हिशोब परतीच्या तारखेपासून उलटा मांडा. शेवटचा आठवडा पॅकिंग आणि पाठवणीचा. त्याआधी लाकडाची भट्टी : पेटती ठेवायला चार आणि थंड व्हायला चार दिवस धरा. त्याआधी बिस्कचे, म्हणजे पहिल्या कच्च्या भाजणीचे, तीन दिवस, त्याच्याही आधी वाळवण. एक सेंटीमीटर जाडीचं भांडं प्लॅस्टिकखाली, सावलीत, सावकाश वाळायला दहा-बारा दिवस जातात. म्हणजे घडवायला उरले जेमतेम दोन आठवडे. मोठं शिल्प पहिल्याच आठवड्यात उभं राहायला हवं.

घोटाळा बहुतेक वेळा वाळवणीतच होतो. वरून कोरडं दिसणारं भांडं आत ओलं असतं. शंभर अंशांवर त्या पाण्याची वाफ होते आणि भांडं फुटतं. भट्टी सामाईक असल्यामुळे त्याच्या ठिकऱ्या शेजाऱ्याच्या कामावरही बसतात. शंका असेल तर भांडं गालाला लावून बघा : गार लागलं तर अजून ओल आहे.

पोचल्यावर आधी मातीची पट्टी करून तिच्यावर दहा सेंटीमीटरची रेघ आखा आणि कुणाच्या तरी भट्टीत भाजून घ्या. रेघ ८.८ वर आली, तर आकसणं १२ टक्के. ३० सेंटीमीटर उंचीचं काम हवं असेल तर ते ३४ चं घडवावं लागेल.

शिगाराकीच्या सिरॅमिक कल्चरल पार्कमध्ये निमंत्रित आणि स्वखर्चाने येणारे, असे दोन्ही प्रकारचे कलाकार असतात. स्वखर्चाने जाणार असाल तर भाजणीचे पैसे कसे आकारतात, ते अर्जाआधीच विचारा. राहण्याच्या खर्चापेक्षा हाच आकडा अंदाज चुकवतो.

प्रश्न : मी नांदेडची, ओवीच्या अंगाने कविता लिहिते. कोरियातल्या लेखक-निवासासाठी इंग्रजी अनुवाद कसा करून पाठवू?

उत्तर : दहा कविता पुरेत. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, ओळीसमोर ओळ. अनुवादकाचं नाव आणि लेखी परवानगी जोडा. 'ओवी' हा शब्द तसाच ठेवून खाली एका ओळीत सांगा : जात्यावर दळताना बायका म्हणतात ते गाणं. म्हटलेल्या ओवीचं ध्वनिमुद्रण चालत असेल तर जरूर पाठवा, कारण लय कागदावर उतरत नाही.

निवड झाली की इंग्रजीवर विसंबून राहू नका. 'माहेर' इंग्रजीत 'आईवडिलांचं घर' होऊन बसतं आणि त्यातली ओढ निघून जाते. कोरियन भाषेत मात्र लग्न झालेल्या बाईच्या माहेराला 'छिनजॉंग' असा नेमका शब्द आहे, आणि सासरलाही आहे. मधल्या इंग्रजीमुळे तो शब्द तिथल्या कवीला सुचतच नाही. म्हणून प्रत्येक कवितेचा शब्दश: मसुदा न्या आणि घर, नातं, अन्न यांच्या शब्दांखाली कोण, कुठे, कधी ते लिहा. 'भाकरी'खाली 'ज्वारीची, हाताने थापलेली, तव्यावर भाजलेली' एवढं पुरतं. मग कोरियन कवीशेजारी बसून एकेक ओळ लावा. दिवसाला एक कविता झाली तरी खूप झालं.

प्रश्न : जपानचा व्हिसा कोणता लागतो?

उत्तर : ९० दिवसांच्या आत आणि मानधनाशिवाय असेल तर सहसा अल्पमुदतीचा. त्याहून जास्त राहायचं असेल तर बिनमोबदला कलाकामासाठी सांस्कृतिक व्हिसा असतो. त्याचं पात्रता-प्रमाणपत्र सहसा जपानमधली संस्था काढते, आणि त्याला एक ते तीन महिने लागतात. मानधन मिळणार असेल तर तिकीट काढण्याआधी संस्थेकडून व्हिसाचा प्रकार लेखी मागवा. निमंत्रणपत्रात पासपोर्टवरचं नाव, तारखा आणि कोणता खर्च कोण करणार, हे स्पष्ट हवं.