चौघांत एकच टॅब

मॅडम, शाळेला टॅब मिळाले म्हणून लगेच एकेकाच्या हातात देऊ नका. चौघांत एकच द्या. मी पहिल्या वर्षी सरसकट वाटले. वर्ग इतका शांत झाला की मला बरंच वाटलं, पण आठवड्याने लक्षात आलं, मुलं एकमेकांशी बोलतच नव्हती.

एकच दिला तरी चुणचुणीत पोरगं तो धरून बसतं आणि बाकीचे माना उंचावून बघतात. म्हणून काम असं द्या की एकट्याने ते पुरं होऊच नये. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत सुरू केलेली जिगसॉ पद्धत इथे चपखल बसते: धड्याचा एकेक तुकडा एकेकाने शिकायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा.

आमच्या सातवीला मी कृष्णा नदी अशीच शिकवते. गटातल्या एकाकडे महाबळेश्वरचा उगम, दुसऱ्याकडे माहुलीचा वेण्णा संगम, तिसऱ्याकडे कराडची कोयना, चौथ्याकडे हरिपूरची वारणा. सगळ्या गटांतले कोयनावाले एका टॅबभोवती जमतात, उपग्रह नकाशा मोठा करून बघतात, मग आपापल्या गटात परत जाऊन शिकवतात. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी पडद्यावर दोन बोटं टेकवून म्हणाली, "ह्या बघा, दोन्ही समोरासमोर येत्यात." तिघांनी मुकाट्याने वह्या उघडल्या.

नकाशे, व्हिडिओ आदल्या दिवशीच उतरवून ठेवा, डोंगराकडे रेंजचा भरवसा नाही. टॅब हाताळणारा दर तासाला बदला. आणि चाचणी प्रत्येकाची वेगळी घ्या, पण चारही ठिकाणांवर.