शाब्दिक उदाहरण आलं की ‘मिळवू की वजा करू?’ असं विचारणाऱ्या मुलाला काय सांगायचं?

प्रश्न: मुलगा तिसरीत आहे. उभी मांडणी करून दिली की बेरीज-वजाबाकी पटापट करतो, हातचाही विसरत नाही. पण शाब्दिक उदाहरण दिसलं की वही पुढे करतो, “आई, मिळवू की वजा करू?” त्याला कसं शिकवावं?

उत्तर: आधी एक करा, त्या प्रश्नाचं उत्तर देणं बंद करा. “मिळव” म्हटलंत की अर्ध्या मिनिटात बेरीज करून तो मोकळा होईल, आणि उद्या पुन्हा वही घेऊन येईल. शाब्दिक उदाहरणात खरं काम काय करायचं ते ठरवण्याचंच असतं. ते तुम्ही करून दिलंत की उरते आकडेमोड, आणि ती तर त्याला येतेच.

मी प्राथमिकला तिसरी-चौथीला शिकवते. वर्षाच्या सुरुवातीला निम्मा वर्ग हाच प्रश्न घेऊन माझ्या टेबलाशी उभा असतो, तेव्हा तुमचा मुलगा काही वेगळा नाही.

पण त्याआधी एक खात्री करून घ्या. एखादं उदाहरण त्याला स्वतःला मोठ्यानं वाचायला लावा, आणि दुसरं तसंच उदाहरण तुम्ही वाचून दाखवा. तुम्ही वाचलेलं सुटतं आणि त्यानं वाचलेलं अडतं, असं होत असेल तर अडचण गणितात नाही, वाचनात आहे. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. त्यावर उपाय रोज गोष्टीची दोन पानं वाचणं हा आहे, आणखी उदाहरणं सोडवणं नाही. काहींचं घोडं नुसत्या संख्यावाचनात अडतं. ६३ ला छत्तीस म्हणणारी मुलं तिसरीतही भेटतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, विनोदही झाले. माझ्या वर्गातल्या काही पोरांना मात्र त्या ‘साठ तीन’चा आधार वाटतो, आणि मी तो काढून घेत नाही.

वाचन ठीक असेल, तर बहुतेक वेळा दुखणं एकच असतं. मूल उदाहरण वाचतच नाही. ते दोन आकडे शोधतं आणि एक खुणेचा शब्द शोधतं. ‘एकूण’ दिसलं की मिळवा, ‘शिल्लक’ दिसलं की वजा करा. ही युक्ती आपणच शिकवलेली असते: शिक्षकांनी, शिकवणीवाल्यांनी, गाइडांनी. पहिली-दुसरीत ती चालूनही जाते, म्हणून मुलाचा तिच्यावर विश्वास बसतो. मग तिसरीत असं येतं: “टोपलीत काही आंबे होते. त्यातले १२ विकले, १९ शिल्लक राहिले. आधी किती होते?” विकलेही आहे, शिल्लकही आहे, आणि करायची मात्र बेरीज. किंवा “दोन्ही तुकड्यांत मिळून एकूण ६४ मुलं आहेत. अ तुकडीत ३१, तर ब तुकडीत किती?” इथे ‘एकूण’ बघून ९५ लिहिणारी मुलं वर्गात हमखास असतात. त्यामुळे खुणेच्या शब्दांचा तक्ता घरात भिंतीवर लावला असेल तर आजच काढा.

१९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या गणितशिक्षणाच्या संस्थेनं दुसरी-तिसरीच्या वयाच्या मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी त्याच आकड्यांतून वय काढून दाखवलं. घरी विचारून बघा. बहुधा ३६ येईल. यात गंमत अशी की ३६ हे उत्तर काही वेडं नाही, कप्तानाला शोभेलसं वय आहे. म्हणजे मूल विचार करतंच, फक्त उदाहरणाचा नाही, तर बाईंना कुठलं उत्तर पटेल याचा.

आता करायचं काय? आकडे झाका. पेन्सिलीनं संख्या झाका किंवा त्यांच्या जागी ‘काही’ म्हणून वाचा. “टोपलीत काही आंबे होते, काही विकले, काही उरले.” मग विचारा: काय झालं ते सांग. आधी जास्त होते की नंतर? आपल्याला कोणते माहीत नाहीत, सुरुवातीचे, विकलेले की उरलेले? आकडेच नसल्यामुळे मिळवायची घाई करता येत नाही, मुलाला गोष्टच सांगावी लागते. तिसरीचं मूल ती सांगतंही, फार तर पहिल्या दोन दिवशी गोंधळेल. गोष्ट नीट सांगता आली की मग आकडे उघडा. “उरलेले आणि विकलेले एकत्र केले की आधीचे येतील” हे वाक्य त्याच्याच तोंडून आलं पाहिजे. तोवर थांबा. हे थांबणं पालकांना फार जड जातं हे मला माहीत आहे, विशेषतः रात्री नऊ वाजता.

सगळ्यात चिवट असतात ती ‘पेक्षा’ची उदाहरणं. आंबे विकले, फुगे फुटले, पैसे खर्च झाले, यात निदान काहीतरी घडतं. “वैष्णवीकडे २३ चिंचोके आहेत, आर्यनकडे १५. वैष्णवीकडे किती जास्त?” यात काहीच घडत नाही. कोणी कोणाला काही दिलं नाही, काही हरवलं नाही. मग वजाबाकी कशाची? मुलाचा हा प्रश्न रास्तच आहे. १९८३ मध्ये हडसन नावाच्या संशोधकानं पक्षी आणि अळ्यांची चित्रं दाखवून पहिलीच्या मुलांना विचारलं, अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त? ६४ टक्के मुलांनाच जमलं. मग तोच प्रश्न फिरवून विचारला: प्रत्येक पक्षी एक अळी पकडायला धावला, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही? सगळ्यांना जमलं. चित्र तेच, वजाबाकीही तीच.

म्हणून माझ्या वर्गात चिंचोक्यांच्या जोड्या लागतात. दोघं समोरासमोर बसतात, वैष्णवीचा एक, आर्यनचा एक, अशी ओळ लावत जातात. आर्यनचे संपले की वैष्णवीचे जे एकटे उरतात, ते ‘जास्त’. घरी चिंचोके नसतील तर शेंगदाणे घ्या (थोडे जास्तच घ्या, मधे खाल्ले जातात). आठ-दहा वेळा हातानं केलं की मग वहीवर दोन पट्ट्या काढायच्या, लांब वैष्णवीची, खाली आखूड आर्यनची, दोन्हींची डावी कड एका रेषेत. लांब पट्टीचा जो भाग पुढे येतो तो वेगळ्या रंगानं रंगवायचा. सिंगापूरच्या शाळांमधून ही पट्ट्यांची पद्धत १९८० च्या दशकात सुरू झाली आणि आता जगभर वापरतात. खर्च शून्य.

पट्टीचा खरा उपयोग उलट्या उदाहरणात दिसतो. “वैष्णवीकडे २३ चिंचोके आहेत. तिच्याकडे आर्यनपेक्षा ८ जास्त आहेत. आर्यनकडे किती?” ‘जास्त’ शब्द दिसला, ३१ लिहिलं. अशा वेळी “चूक” म्हणू नका. फक्त विचारा, लांब पट्टी कोणाची? मूल पट्टी काढतं, वैष्णवीची लांब काढतं, ८ चा तुकडा रंगवतं आणि आर्यनची पट्टी आखूड आहे हे स्वतःच बघतं. आखूड पट्टीत ३१ कसे मावतील? खोडरबर आपणहून हातात घेतं.

चौथीत दोन पायऱ्यांची उदाहरणं येतात, तिथे चांगली चांगली मुलं गडबडतात. गेल्या वर्षीची एक मुलगी आठवते. उदाहरण होतं: “मीनाने ४५ रुपयांची वही व १८ रुपयांचे पेन घेतले. दुकानदाराला १०० रुपये दिले. तिला किती रुपये परत मिळतील?” तिनं तिन्ही संख्या एकाखाली एक मांडून १६३ लिहिले होते. मांडणी सुबक, हातचाही बरोबर. मी म्हटलं, “म्हणजे तू शंभराची नोट दिलीस, वही-पेन घेतलंस आणि दुकानदारानं वर १६३ रुपये परत दिले?” ती क्षणभर वहीकडे बघत राहिली, मग म्हणाली, “बाई, मग मी रोजच जाईन की त्या दुकानात.” सगळा वर्ग हसला, तीही. तिला मी पुढे काहीच सांगितलं नाही, फक्त “उदाहरणात न विचारलेला एक प्रश्न मधे लपलाय, तो शोध” एवढंच. “सामान कितीचं झालं” हा तो प्रश्न. तो सापडला की ६३ आणि ३७ यायला वेळ लागत नाही. ‘लपलेला प्रश्न’ हा शब्द वापरून बघा, मुलांना आवडतो.

भागाकार तिसरीत नुकताच आलेला असतो, तेव्हा त्यावर फार ताणत नाही. एवढंच लक्षात ठेवा की बाकी उरली की उदाहरण पुन्हा वाचायचं. ३८ मुलांना सहलीला न्यायचं, एका जीपमध्ये ९ बसतात, तर जीप ५ लागतात. ३८ लाडू ९-९ चे डबे भरून ठेवायचे, तर पूर्ण भरलेले डबे ४ च होतात. भागाकार एकच आहे, पण सहलीत दोन पोरं मागे ठेवून जाता येत नाही.

आठवड्यातून एकदा उलटं करा. त्याला १३ – ५ लिहून द्या आणि म्हणा, यावर गोष्ट रच. नव्वद टक्के वेळा पैसे खर्च होतील, चॉकलेट खाल्लं जाईल, अंडी फुटतील. मग म्हणा, आता अशी गोष्ट सांग ज्यात काहीच कमी होत नाही. इथे मूल अडतं, डोकं खाजवतं, आणि “माझ्याकडे १३ गोट्या, दादाकडे ५, माझ्याकडे किती जास्त?” असं सुचलं की समजा गाडी रुळावर आली.

मुलगा इंग्रजी माध्यमात असेल तर उदाहरण पुस्तकातून इंग्रजीत वाचू द्या, पण गोष्ट मराठीत सांगायला लावा. घरात मराठी बोलत असाल तर विचारही मराठीतच पटकन होतो. उत्तर लिहिताना पुन्हा इंग्रजी, त्यात काही बिघडत नाही.

घरातले हिशोबही त्याच्याकडे सोपवा. दुधाचा हिशोब चौथीच्या मुलासाठी तर नामी उदाहरण आहे: महिना ३० दिवसांचा, कॅलेंडरवर ३ खाडे, रोज एक लीटर, ६० रुपये भाव. ‘लपलेला प्रश्न’ इथेही आहेच. १६२० आले की दूधवाल्याला पैसे त्याच्याच हातून द्या.

आणि रोज एकच उदाहरण. दहा नकोत. दहा दिली की मूल पुन्हा आकडे शोधायला लागतं. एकाच उदाहरणाची गोष्ट सांगायची, चित्र किंवा पट्ट्या काढायच्या, सोडवायचं, शेवटी उत्तर गोष्टीत घालून ताळा करायचा. याला पंधरा मिनिटं लागतात. परीक्षेत पट्ट्या काढल्या तर गुण कापतील का, असं पालक विचारतात. त्या कच्च्या कामाच्या जागेत काढायच्या, रीत मांडणीत लिहायची. तरी एकदा वर्गशिक्षकांना विचारून ठेवा, काही शाळा मांडणीबाबत फार काटेकोर असतात.