‘धंदा परवडत नाही’ असं लिहिणाऱ्या गटाला मार्क द्यायचे का?

प्रश्न : नमस्कार सर, मी मुलुंडच्या एका ज्युनियर कॉलेजात बारावी कॉमर्सला ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स) शिकवते. यंदा प्रोजेक्टला गटागटाने एखादा छोटा धंदा निवडायचा आणि तो चालेल की नाही याचा फिजिबिलिटी रिपोर्ट करायचा असं दिलं होतं. एका गटाने कॉफी शॉप घेतलं, कलर प्रिंट, स्पायरल बाइंडिंग, दरवर्षी 20 टक्क्यांनी वाढणारा नफा, पहिल्याच वर्षी 36 लाखांची विक्री. दुसऱ्या गटाने स्टेशनजवळ थालीपीठ सेंटर घेतलं, रिपोर्ट हाताने लिहिलेला, खाडाखोड आहे. त्यांनी गाळ्याचं भाडं विचारलं, तिथल्याच एका नाश्त्याच्या गाडीजवळ उभं राहून प्लेटी मोजल्या, दिवसाला साठच्या वर जात नाहीत असं दिसलं, आणि शेवटी लिहिलं की हा धंदा परवडत नाही. माझ्या सहकारी म्हणतात यांनी प्रोजेक्ट अर्धवट सोडलाय, मार्क कापा. मला ते पटत नाहीये पण त्यांना काय सांगू?
– एक शिक्षिका, मुलुंड

उत्तर : मॅडम, तुम्हाला जे वाटतंय ते बरोबर आहे. ‘चालेल की नाही’ असं आपणच विचारलं ना, मग ‘नाही’ हेही पूर्ण उत्तर झालं. मार्क द्यायचे ते मुलं त्या उत्तरापर्यंत कशी पोचली त्याला, आणि ‘होय’ लिहिलं की जास्त मार्क हे एकदा मुलांना कळलं की पुढच्या वर्षी सगळेच रिपोर्ट नफ्यात येतील, मग तपासायला काही उरणारच नाही.

थालीपीठवाल्यांचं गणित मांडूनच बघा. समजा प्लेट 50 रुपयांना, त्यात भाजणी, लोणी, गॅस, पार्सलचा डबा मिळून 30 गेले, म्हणजे एका प्लेटमागे 20 उरले. गाळ्याचं भाडं 25,000, मदतनीस 15,000, लाइट-पाणी-किरकोळ 4,000, झाले महिन्याचे 44,000. याला 20 ने भागा, 2,200 प्लेटी. महिन्याला 26 दिवस धरले तर रोज जवळपास 85 प्लेटी विकल्या तेव्हा कुठे ना नफा ना तोटा, आणि यात थालीपीठ थापणाऱ्याचा पगार अजून धरलेलाच नाही! शेजारची जुनी गाडी साठच्या वर जात नाही हे मुलांनी डोळ्यांनी बघितलंय. मग परवडत नाही हाच निष्कर्ष निघणार, दुसरा निघाला असता तर मार्क कापायला हवे होते. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, तुम्ही त्यांच्या रिपोर्टमधले टाकून बघा.

थापणाऱ्याच्या पगाराचं मुद्दाम बोलतो कारण मुलांच्या खाण्याच्या प्रोजेक्टमध्ये ही चूक मला सारखी दिसते. डब्यांची सर्व्हिस, दिवाळी फराळ, मोदकांच्या ऑर्डरी, सगळीकडे नफा छान दिसतो कारण आई पहाटे उठून फुकट राबणार असं धरलेलं असतं. आईच्या मेहनतीचा खर्च धरला का, हे प्रत्येक गटाला विचाराच. धरला नसेल तर तो नफा नाही, आईची मजुरी आहे, आणि सतरा वर्षांच्या पोरांना हे वर्गात कळणं मला तरी फार मोलाचं वाटतं.

आता कॉफी शॉपवाल्यांकडे या. त्यांना नापास करू नका, पण तोंडी घ्या, आणि प्रत्येकाला वेगळं बोलवा कारण चार जणांच्या गटात रिपोर्ट बहुतेक वेळा एकानेच केलेला असतो, कधी कधी तोही मोबाइलवरून काढलेला. विचारायचं काय, तर 20 टक्के वाढ कुठून आणली? गाळ्याचं डिपॉझिट कुठे दाखवलंय? ते परत मिळतं म्हणून खर्चात येत नाही पण पैसे अडकतात, भांडवलात धरायलाच हवं. 36 लाखांची विक्री दाखवली तर जीएसटी कुठंय? रेस्टॉरंटला 20 लाखांच्या वर उलाढाल गेली की नोंदणी लागते आणि साध्या रेस्टॉरंटला 5 टक्के, त्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वजा करता येत नाही. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा उल्लेख आहे का? थोडेच कामगार असतील तर राज्याच्या 2017 च्या दुकान कायद्याप्रमाणे गुमास्त्यासाठी, म्हणजे दुकानाच्या नोंदणीसाठी, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते हे त्यांनी शोधलं का? आणि जुलैत धो धो पाऊस पडून लोकल बंद पडल्या त्या आठवड्यात विक्री किती धरलीय? एवढं विचारलं की रिपोर्ट कोणी केलाय ते लगेच समजतं.

20 मार्कांची तुमच्याकडे ठरलेली वाटणी असेल ती पाळायचीच. माझ्या हातात असतं तर निम्मे मार्क मी आकडे कुठून आणले आणि गणित जुळतंय का याला दिले असते, मग मोठा वाटा तोंडीला, आणि बाइंडिंग-सजावटीला दोनच्या वर नाही. कलर प्रिंटला पैसे लागतात मॅडम, ते सगळ्यांच्या घरी नसतात.

प्रश्न : सर मी अकरावीत आहे. आम्ही वर्गातल्या 50 जणांचा सर्व्हे घेतला, 46 जण म्हणाले आमचे मोबाइल कव्हर घेऊ. तरी मॅडमनी सर्व्हेला 5 पैकी 2 दिले. एवढी मेहनत केली ते फुकट का?
– एक विद्यार्थी, लालबाग

उत्तर : अरे, मेहनत फुकट नाही गेली पण प्रश्न चुकला. मित्राला ‘घेशील का’ विचारलं तर तो होच म्हणणार, त्याचे पैसे थोडेच जातायत. त्याऐवजी विचार, शेवटचं कव्हर कधी घेतलं, कितीला घेतलं, कुठून घेतलं. घडून गेलेल्या खरेदीबद्दल माणूस खरं सांगतो. आणि वर्गाबाहेर जा, दादर स्टेशनबाहेर रस्त्यावर कव्हरं विकणाऱ्यांशी बोल, कुठलं मॉडेल पडून राहतं ते विचार, कारण फोन जुना झाला की त्या कव्हराचा माल कोणी घेत नाही आणि तुझे पैसे तिथेच अडकतात. हे सगळं लिहून परत मॅडमकडे जा, नीट विचार, बघतील त्या.

प्रश्न : मुलाच्या गटाला अशाच प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले, आता तो खरंच टी-शर्ट प्रिंटिंग सुरू करतो म्हणतो आणि दोन लाख मागतोय. वय 17. काय करू?
– एक पालक, कांदिवली

उत्तर : दादा, दोन लाख आत्ता देऊ नका पण त्याला नाहीही म्हणू नका. 18 पूर्ण होईपर्यंत त्याच्या सहीने केलेला करार कायद्यात टिकत नाही, 1872 चा करार कायदा आहे, त्यामुळे गाळा, मशीन, कर्ज सगळं तुमच्याच नावावर येणार, पीएमईजीपीसारख्या धंद्याच्या कर्जाला अनुदान देणाऱ्या सरकारी योजनेलाही वयाची अट 18 चीच आहे. तोवर मशीन न घेता छपाई बाहेरून करून घेऊ दे, गणपतीच्या मंडळांच्या ऑर्डरी आणू दे, अर्धे पैसे आधी घ्यायला सांगा. मंडळाचे पैसे विसर्जनानंतर किती दिवसांनी हातात आले ते त्याला वहीत लिहायला लावा, आणि ती वही बघून दोन लाखांचं ठरवा.