पट्टा वेगळा, भूपट्ट वेगळा

रत्नागिरीच्या एका भूगोल शिक्षिकेने विचारलं आहे: ‘सागरतळाचा विस्तार शिकवताना “चुंबकीय पट्टे” आणि “भूपट्ट” हे दोन्ही शब्द एकाच तासाला येतात. निम्मी मुलं एक पट्टा म्हणजे एक छोटा भूपट्ट असं धरून चालतात. शिवाय “चुंबकीय विसंगती” म्हणजे नेमकं कशाशी विसंगत, हेही विचारतात. याहून बरे मराठी शब्द आहेत का?’

मुलांची चूक नाही. गोंधळ शब्दांतच आहे आणि तो जुना आहे. भूपट्ट (प्लेट) म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या ताठ थराचा सरकणारा मोठा तुकडा. चुंबकीय पट्टा म्हणजे सागरतळाच्या खडकात राहून गेलेल्या चुंबकत्वाची लांब पट्टी.

संस्कृतात ‘पट्ट’ म्हणजे सपाट फळी, शिळा, पत्रा. आणि कापडाची चिंधोटी, बांधायची पट्टीसुद्धा. मराठीत दोन्ही अर्थ आले, पण वेगवेगळ्या दारांनी. पत्र्याचा अर्थ ‘ताम्रपट’ या शब्दात टिकला. खारेपाटणला सापडलेला शिलाहार रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट घ्या. तिथे ‘पट’ म्हणजे तांब्याचा रुंद पत्रा. चिंधोटीचा अर्थ ‘पट्टा’ आणि ‘पट्टी’ यांत राहिला: कमरेचा पट्टा, वाघाचे पट्टे, कोकणपट्टी. ‘कोकणपट्टी’ म्हटलं की समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधली लांबच लांब, चिंचोळी जमीन डोळ्यांपुढे येते. लांबी पुष्कळ आणि रुंदी थोडी असल्याशिवाय मराठी माणूस कशालाही पट्टा म्हणत नाही.

‘भूपट्ट’ करणाऱ्यांनी पहिला, म्हणजे शिळेचा अर्थ धरला. तो व्युत्पत्तीने बरोबरच आहे. ऐकणाऱ्याच्या कानात मात्र दुसरा अर्थ वाजतो.

इथे व्याकरण मदतीला येतं, आणि मला वाटतं वर्गात सगळ्यात उपयोगी पडेल ते हेच. ‘भूपट्ट’ अकारान्त आहे: एक भूपट्ट, दोन भूपट्ट, भूपट्टाचा, भूपट्टांची टक्कर. ‘पट्टा’ आकारान्त आहे: एक पट्टा, दोन पट्टे, पट्ट्याचा, पट्ट्यांची रुंदी. म्हणजे ‘भूपट्ट्यांची टक्कर’ हे रूप चुकीचं आहे आणि ‘भूपट्टे’ हेही. ही रूपं लिहिली गेली की दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतात आणि मग अर्थही मिसळतो. फळ्यावर एकाखाली एक ‘भूपट्टाची जाडी’ आणि ‘पट्ट्याची रुंदी’ असं लिहून दाखवा. त्या एका जोडाक्षरात दोन वस्तू वेगळ्या होतात.

वस्तू म्हणून भूपट्ट कसा दाखवायचा? १९६७ मध्ये डॅन मॅकेन्झी आणि रॉबर्ट पार्कर यांनी गोलावर सरकणाऱ्या ताठ तुकड्यांचं गणित मांडलं, तेव्हा त्यांनी फरसबंदीच्या दगडांचीच उपमा वापरली होती. आपल्याकडे फरशी आहे. समुद्राखालच्या भूपट्टाची जाडी ढोबळमानाने १०० किमी धरा आणि पसारा ५,००० किमी. प्रमाण झालं पन्नासास एक. ६० सेंटिमीटरची फरशी १२ मिलिमीटर जाड असली की तेच प्रमाण. चिऱ्याची उपमा कोकणात पटकन सुचेल, पण चिरा टाळावा. जांभ्याचा चिरा त्याच्या रुंदीच्या मानाने फार जाड असतो आणि ‘भूपट्ट म्हणजे ठोकळा’ अशी नवीनच चुकीची समजूत बसते. फरशीचा गुण हा की ती अख्खी सरकते आणि जे घडायचं ते तिच्या सांध्यांवर घडतं. भूकंप आणि ज्वालामुखी बहुतेक सांध्यांवरच असतात.

पट्टे मात्र त्या फरशीच्या अंगावर उमटलेले आहेत. एका भूपट्टावर असे शेकडो पट्टे असू शकतात. आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत, हे आवर्जून सांगायला हवं. तळाला सगळीकडे तोच काळा बेसॉल्ट आहे आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर गाळ आहे. १९५५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोर ‘पायोनियर’ जहाजाने मोजणी केली. त्या मोजणीतून रोनाल्ड मेसन आणि आर्थर रॅफ यांनी १९६१ मध्ये छापलेल्या नकाशात अपेक्षेपेक्षा जास्त भरलेली मूल्यं काळी आणि कमी भरलेली पांढरी दाखवली, तेव्हा झेब्र्यासारखे पट्टे उमटले. काळा-पांढरा रंग नकाशाचा आहे, दगडाचा नाही.

आता ‘विसंगती’. मॅग्नेटिक अनॉमलीला हा शब्द रूढ आहे, पण मराठीत विसंगती असते ती बोलण्यात, जबाबात, वागण्यात. तिला आकडा नसतो. भूचुंबकत्वातली अनॉमली हा तर निव्वळ आकडा आहे: असायला हवं किती आणि भरलं किती, यांतला फरक. त्यासाठी रोजच्या वापरात अगदी नेमका शब्द आहे, तफावत. गल्ल्यातल्या रकमेत आणि वहीत तफावत येते तशीच ही. ‘विसंगती अधिक २००’ हे वाक्य अडखळतं, ‘तफावत अधिक २००’ सरळ वाचलं जातं. परीक्षेच्या उत्तरात रूढ शब्द लिहायला हवा हे मान्य, पण समजावताना तफावतच म्हणावं.

‘कशाशी?’ याचं उत्तर एका हिशेबाने देता येतं. कोकण किनाऱ्यावर पृथ्वीचं एकूण चुंबकीय क्षेत्र ४२-४३ हजार नॅनोटेस्लाच्या (हे क्षेत्र मोजायचं एकक) आसपास आहे. समजा, जहाजाने मोजलं ४३,२६०. त्या ठिकाणी त्या वर्षी पृथ्वीच्या गाभ्यातून येणारं क्षेत्र किती असायला हवं, हे संदर्भ-प्रारूप सांगतं. समजा ते ४३,०३०. आणि त्या वेळी सूर्यामुळे होणारा रोजचा चढ होता ३०. तर ४३,२६० वजा ३० वजा ४३,०३०, म्हणजे तफावत अधिक २००. खालच्या खडकाचा वाटा तेवढाच, एकूण क्षेत्राच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सागरतळ पसरतो याचा पुरावा मिळाला तो या उरलेल्या चिल्लरीतून.

चिल्लर असल्यामुळेच चुकायला वाव फार. जहाज लोखंडी, म्हणून चुंबकमापक जहाजाच्या लांबीच्या दोन-तीन पट लांब केबलने मागे ओढतात. त्या ओढत्या नळकांड्याला ‘फिश’ म्हणतात. प्रोटॉन चुंबकमापकात एक बाटलीभर द्रव असतो, साधं रॉकेलसुद्धा चालतं. त्यातल्या हायड्रोजनच्या प्रोटॉनांना वेटोळ्यातल्या विजेने एका दिशेला वळवून सोडलं की ते क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे घुमतात, आणि ४३,००० नॅनोटेस्लाला त्यांची वारंवारता सुमारे १,८३० हर्ट्झ येते. ती मोजली की क्षेत्र कळलं. केबल आखूड पडली, तर जहाजाचं लोखंड तफावतीत शिरतं आणि जहाज वळलं की आकडे उडी मारतात. संदर्भ-प्रारूप दर ५ वर्षांनी नवं येतं, कारण गाभ्याचं क्षेत्र बदलत असतं. जुनं वापरलं तर सगळी रेघच वर किंवा खाली सरकते. रोजचा चढ वजा करायचा राहिला, तर फसगत जास्त मोठी होते. १० नॉट, म्हणजे ताशी साडेअठरा किमी वेगाने जहाज ६ तासांत ११० किमी जातं आणि दुपारचा चढउतार तेवढ्या रुंदीचा खोटा पट्टा काढून ठेवतो. म्हणून मोजणीच्या रेघांना छेदणाऱ्या रेघाही घेतात. छेदावर दोन आकडे जुळले नाहीत, तर हिशेबात खोट आहे.

रोजच्या चढाची नोंद जमिनीवर ठेवावी लागते. कोकणात ती अलिबागला आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याचं चुंबकीय निरीक्षण १९०४ मध्ये अलिबागला नेलं, आणि आज ती वेधशाळा नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. अलिबागची नोंद कोकणासमोरच्या पाण्याला लागू पडते. चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या मोजणीला ती चालत नाही, तिथला दुपारचा चढ वेगळाच आणि फार मोठा असतो.

‘नॉर्मल’ आणि ‘रिव्हर्स्ड’ यांना ‘सामान्य’ आणि ‘विपर्यस्त’ लिहिलेलं आढळतं. ‘सामान्य’ म्हटलं की दुसरा पट्टा असामान्य ठरतो, आणि तसं काही नाही. विणकामात आपण सुलट टाका, उलट टाका म्हणतो. तेच इथे घ्यावं. महासागराच्या पाण्याखालच्या डोंगररांगेवर, म्हणजे मध्यरांगेवर, नवा तळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. तिथे वर आलेला लाव्हा थंड होताना ५८० अंश सेल्सिअसखाली त्यातलं मॅग्नेटाइट हे लोहखनिज चुंबकत्व धरू लागतं. तेव्हाचं क्षेत्र आजच्यासारखं असेल तर तो खडक सुलट. होकायंत्राची सुई दक्षिणेला वळली असती अशा काळातला असेल तर उलट. शेवटची मोठी अदलाबदल सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वीची. या अदलाबदलीला ‘ध्रुवपालट’ हा शब्द चांगला. खांदेपालट, ऋतुपालट कानाला सवयीचे आहेतच.

एक काळजी मात्र घ्यावी. ‘धन तफावत म्हणजे सुलट पट्टा’ असं कुठेही लिहू नये. उंच अक्षांशांवर ते जुळतं, आपल्या अरबी समुद्राच्या दक्षिणेला उलटं पडतं. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांचा, या पट्ट्यांचा उलगडा करणारा सप्टेंबर १९६३ मधला प्रसिद्ध निबंध ज्या मोजणीवर उभा आहे, ती कार्ल्सबर्ग या मध्यरांगेवरची. रत्नागिरीपासून नैर्ऋत्येला सुमारे १,८०० किमी. ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने १९६२ मध्ये हिंदी महासागर मोहिमेत ती घेतली. तिथे रांगेच्या माथ्यावरचा खडक अगदी ताजा, म्हणजे सुलट; तरी मधली तफावत ऋण आहे. चुंबकीय विषुववृत्ताजवळ क्षेत्र जवळजवळ आडवं असतं आणि वायव्य-आग्नेय रांगेतला सुलट खडक वरच्या क्षेत्रात भर घालण्याऐवजी घट करतो. म्हणून ‘धन-ऋण’ तफावतीचे आणि ‘सुलट-उलट’ खडकाचे, हे दोन जोड वेगळेच ठेवावेत.

रुंदी सांगताना एक सोपी खूण: वर्षाला १ मिलिमीटर म्हणजे १० लाख वर्षांत १ किलोमीटर. कार्ल्सबर्ग रांगेवर तळ सरकण्याचा एका बाजूचा वेग वर्षाला १२ मिमी धरला, तर ७.८ लाख वर्षांत एका बाजूला जवळजवळ साडेनऊ किमी, दोन्ही मिळून मधला पट्टा सुमारे १९ किमी. सुमारे १० लाख वर्षांपूर्वी ८० हजार वर्षं टिकलेला हारामिय्यो नावाचा सुलट काळ त्या वेगाने जेमतेम १ किमी रुंद होतो, आणि अडीच-तीन किमी पाण्यावरून मोजताना पुसला जातो. प्रशांत महासागराच्या दक्षिणेला ४५ मिमी वेगाने तोच साडेतीन किमी होतो. म्हणूनच १९६६ मध्ये ‘एल्टॅनिन’ जहाजाच्या तिथल्या नोंदीत तो स्पष्ट दिसला, आणि रांगेच्या दोन्ही बाजूंची तफावत आरशासारखी जुळलेली पाहून सागरतळाच्या विस्ताराला असलेला अनेकांचा विरोध मावळला.

भूपट्टांच्या हालचालींच्या शास्त्राला ‘प्लेट टेक्टॉनिक्स’ म्हणतात, त्यातल्या ‘टेक्टॉनिक्स’बद्दल थोडंसं. मूळ ग्रीक ‘टेक्टॉन’, म्हणजे सुतार, बांधणारा. संस्कृतातला ‘तक्षन्’ त्याचा सख्खा भाऊ, आणि मराठीतलं ‘तासणं’ त्याच घरातलं. बांधणीचा हा अर्थ ‘भूपट्ट सांरचनिकी’त येतो. ‘विवर्तनिकी’ मला पटत नाही, कारण विवर्तन म्हणजे प्रकाशाचं वळणं हे मुलांनी विज्ञानात शिकलेलं असतं.

आणि हेच चुंबकत्व सह्याद्रीबद्दल लिहिताना ‘पट्टे’ म्हणू नये. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा एकावर एक साचला. महाबळेश्वरचा घाट चढताना खालचे पुष्कळ थर उलट लागतात आणि माथ्याकडे सुलट. समुद्रात काळ आडवा पसरतो, म्हणून पट्टे. घाटात तो उभा चढतो, तिथे थर.